गवताच्या वखारीतील विजेची गाडी

८ फेब्रुवारी १९६८, गुरुवार, सकाळचे साडेसात. बोईसर स्थानकात आगगाडी सुटता सुटता शेठांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि मला सांगितले, "ती बॅटरीगाडी ठेवायची की काढायची, ते आज ठरवा. उद्या भंगारवाला येतो आहे. त्याला ती देऊन टाका, नाहीतर रिकामा परत पाठवा." मी "बरे" म्हणालो. शेठ मुंबईला गेले.

स्थानकाला लागूनच त्यांची गवताची वखार होती. मी तेथे मेताजी होतो. गावोगावचे गवत उतरवून घ्यायचे, दाबयंत्रावर त्याच्या गासड्या बांधून घ्यायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांसाठी रेल्वेच्या वाघिणी भरून द्यायच्या, हे माझे काम. गवताला शत्रू एकच, तो म्हणजे आग. म्हणून फाटकाच्या भिंतीत एक कोनाडा ठेवला होता. आत येणाऱ्याने विडी आणि काडेपेटी त्यात ठेवायची आणि मगच पाऊल आत टाकायचे. शेठही ठेवीत. मालमोटारीला आत मज्जाव होता.

दाबयंत्रापासून मालधक्क्यापर्यंत गासड्या पूर्वी डोक्यावरून जात. पुढे शेठांनी मुंबईच्या गोदीतल्या एका लिलावात ही विजेची गाडी घेतली. चार लहान चाकांवर एक रुंद फळी, फळीखाली बॅटरीची पेटी आणि पुढे चालकाला उभे राहण्यापुरती जागा, एवढेच तिचे रूप. धूर नाही, आवाज नाही. ती पाठीशी येऊन ठेपली तरी हमालांना कळत नसे, म्हणून पुढच्या दांडीला बैलाच्या गळ्यातली घंटा बांधली होती.

दिवाळीपासून ती थकली होती. सकाळी नीट चाले, जेवणाच्या सुट्टीनंतर रेंगाळे आणि उन्हे कलली की हमाल तिला मागून ढकलीत. "सकाळची विजंवर चालते, दुपारची आमच्या भाकरीवर," असे ते म्हणत. शेठांचे मत झाले की गाडी म्हातारी झाली. माझेही जवळजवळ तेच मत होते.

तिचा चालक पंचविशीचा होता. हमाल म्हणून आला आणि गाडी चालवायला शिकला. येत्या रविवारी त्याची सुपारी फुटायची होती. मुलगी जवळच्या पाम गावची. हे मला त्याने सांगितले नाही, राखणदाराने सांगितले. मुलीच्या आईची अट एकच होती, जावई गाडीवाला पाहिजे. थोरल्या दोन्ही जावयांकडे नांगर होते, तिसरा नांगर तिला नको होता. गाडी भंगारात गेली असती तर चालक पुन्हा हमाल झाला असता आणि सुपारी फुटण्याआधीच लग्न मोडले असते.

"त्याचा माझ्या निर्णयाशी संबंध नाही," असे मी राखणदाराला सांगितले. तसे सांगणे भाग होते.

गाडीच्या जागी काय आणता येईल, हे पाहण्यासाठी मी दोघांना बोलावून ठेवले होते. पहिला आला पालघरचा एक विक्रेता, नवा कोरा ट्रॅक्टर घेऊन. राखणदार फाटकात आडवा उभा राहिला. तो साठीचा होता, दिवाळीत कामावर लागलेला आणि नियमाला पक्का.

"विडी कोनाड्यात ठेवा," तो म्हणाला.

"मी विडी ओढत नाही," विक्रेता म्हणाला.

"तुमी नाय. ह्यो ओढतो." त्याने ट्रॅक्टरच्या उभ्या नळीकडे बोट केले.

"अहो बाबा, तो ट्रॅक्टर आहे!"

"धूर सोडतो ना? मंग ती नळी काढा, कोनाड्यात ठेवा आनि खुशाल आत जावा."

विक्रेत्याने माझ्याकडे पाहिले. मी कोनाड्याकडे पाहिले. ट्रॅक्टर आल्या वाटेने पालघरला गेला.

त्यानंतर पामहून बैलगाडी आली. या भागातली सर्वांत तगडी जोडी कोणाची, असे मी हमालांना विचारले होते आणि निरोपही त्यांच्याच हाती धाडला होता. जोडी खरोखर देखणी होती. गाडीवानाच्या मागे एक बाई बसल्या होत्या. आमच्या चालकाने त्यांना पाहिले आणि तो गासड्यांच्या आड झाला.

राखणदार माझ्या कानाशी लागला. "मेताजी, तुमी बोलावलं कोनाला? ह्यो तर त्याचा सासरा. आनि ती सासूबाय."

मला हे ठाऊक नव्हते. हमालांना ठाऊक होते. ते सगळे गवताकडे पाहत उभे होते.

सासऱ्याची पंचाईत उघड होती. बैल सरस ठरले तर वखारीचे काम त्याला मिळणार होते आणि जावई जाणार होता. पण आता माघार घेणे त्याला शोभले नसते. वास्तविक मी चाचणी दुपारी घेणार होतो, कारण गाडीचा दोष दुपारी दिसे. ती मी सकाळीच घेतली.

दोन्हीकडे दहा-दहा गासड्या चढल्या. बैलांनी गवताला तोंड लावू नये म्हणून त्यांना मुसकी बांधली. मी इशारा केला.

बैलांना वखारीचे राजकारण कळत नव्हते. त्यांनी मान खाली घातली आणि ते निघाले. सासराही क्षणात सारे विसरला. उभा राहून हाका मारू लागला, "हां माझ्या राजा! हां माझ्या वाघा!" बॅटरीगाडीची घंटा मागे पडली. तोच सासूबाईंनी त्याचा सदरा मागून खेचला.

"अवो, तुमी पोरीचे बाप का बैलांचे?"

सासऱ्याने कासरा असा ओढला की बैल जागीच थबकले. बॅटरीगाडी घंटा वाजवीत शेजारून पुढे गेली आणि धक्क्याला लागली. हमालांनी टाळ्या पिटल्या.

"ही चाचणी नव्हे," मी म्हणालो. "पुन्हा घ्यायची. बाईंनी खाली उतरावे."

त्या उतरल्या आणि सरळ बॅटरीगाडीवर, गासड्यांच्या माथ्यावर जाऊन बसल्या.

"मावशी, पडाल!" चालक कळवळून म्हणाला.

"तू नीट चालीव. पोरगी कोनाच्या भरवशावर द्यायची ती मला बघूं दे."

या खेपेला सासऱ्याने बैलांना ना हाक मारली, ना अडवले. त्यांची चाल त्यांनाच ठेवू दिली. निम्मी वाट बॅटरीगाडी बरोबरीने होती. मग लागोपाठच्या दोन दौडींनी तिचे दुपारचे दुखणे सकाळीच उठले; घंटा हळूहळू मंदावली आणि बंद झाली. बैल धक्क्याला पोहोचले. सासूबाई वखारीच्या मधोमध उंचावर बसून राहिल्या.

"काय रं, झोपली काय ही?"

सासरा जिंकला होता, पण चेहरा हरलेल्याचा होता. तो माझ्याजवळ आला. "मेताजी, मी रोजचा येनार नाय. जावायाच्या पोटावर माझ्या बैलाचा पाय नको."

"तुम्ही आला नाहीत तर दुसरी जोडी येईल," मी म्हणालो. ते खरेच होते. हमाल हसायचे थांबले.

सासूबाई तेवढ्यात वरूनच म्हणाल्या, "पर ही खाते काय, ते तर सांगा. उपाशी हाय का काय?"

"उपाशी कशी?" चालक म्हणाला. "संध्याकाळी वीज लावून जातो, सकाळी काढतो. रातभर खाते."

"रातभर नाय," राखणदार सहज बोलून गेला.

आम्ही सगळेच त्याच्याकडे वळलो.

"माझी भाकरी झाली की बटन बंद करतो मी. आतून बुडबुडते ती. पेटीला हात लावला तर ऊन. बाजूला एवढं गवत! पेटलं तर धरनार कोनाला? मलाच ना? पहाटे लावतो परत, पोरगा यायच्या आत. उगाच त्याला वाईट वाटायला नको."

"केव्हापासून?" मी विचारले.

"लागलो तवापासून. दिवाळीपासून."

प्रथम हसल्या त्या सासूबाई. मग वखार हसली.

"बाबा, माझं लगीन मोडलंस ना तू!" चालक ओरडला.

"लगीन मोडलं तर दुसरं जमतं," राखणदार म्हणाला. "वखार जळली तर काय करशील? आनि मेताजी, ती रातची जेवते हे मला सांगितलं कोनी?"

त्याला कोणी सांगितले नव्हते, हे खरे. त्याची भीतीही अगदी खुळी नव्हती. बॅटरी भरताना तिच्यातून वायू सुटतो आणि त्याला ठिणगी पुरते. गवताशेजारी ती भरणे मुळातच चूक होते.

तरीही तेवढ्यावर मी निर्णय दिला नाही. पेटी उघडली आणि काचेच्या नळीने एकेका खणातले आम्ल तपासले. सगळे खण सारखेच अशक्त होते. मेलेला एकही नव्हता. म्हातारपण असते तर काही खण आधी गेले असते, काही मागे राहिले असते. हे म्हातारपण नव्हते, उपासमार होती.

"गाडी राहील," मी सांगितले. "भंगारवाला रिकामा जाईल."

चालकाने वाकून माझ्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला. मी पाय मागे घेतले आणि वाघिणी रिकाम्या असल्याची त्याला आठवण करून दिली. गाडी तत्काळ विजेला लावली. उरलेला माल त्या दिवशी सासऱ्याच्या बैलांनी ओढला आणि गासड्या चढवल्या जावयाने. सासूबाई धक्क्यावर बसून दोघांनाही सूचना देत होत्या. "अरं, वाकून उचल, कंबर मोडंल! रविवारी पाटावर बसायचंय तुला." सासरा दर खेपेला बैलांना मोठ्याने हाका मारीत होता. आता त्याला कोणी अडवीत नव्हते.

निघताना त्यांनी मला रविवारचे आमंत्रण दिले. मी येईन म्हणालो.

काम सुटल्यावर दोन हमाल हाताशी घेऊन मी बॅटरी भरायचे विजेचे यंत्र उचलले आणि कुंपणाबाहेरच्या पत्र्याच्या मोकळ्या पडवीत नेऊन बसवले. तेथे गवताची काडी नव्हती आणि वारा भरपूर होता. तार ओढून घेतली. चालकाने गाडी आणून उभी केली. राखणदार विडी कोनाड्यात ठेवून, हात मागे बांधून पाहत होता. त्याने विचारले, "बुडबुडली तर?" "बुडबुडू द्या," मी म्हणालो.

मग बटण चालू केले, त्यावर एक लाकडी पेटी ठोकली, तिला कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली.