आमच्या स्लॅबला फेस आला

सिमेंटला साबण चालत नाही, ही गोष्ट मला बी.एस्सी. पास झाल्यावर कळली. तीही पुस्तकातून नाही. आमच्याच घराच्या स्लॅबवर, अख्ख्या गल्लीसमोर!

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे सांगायला मला लाज नाही, उलट संधी मिळाली की मी ते दोनदा सांगते. बाबा मिस्त्री. पुलगाव-नाचणगावातली कितीतरी घरं त्यांनी उभी केली, पण आमच्या स्वतःच्या डोक्यावर टिनच. शेवटी यंदाच्या उन्हाळ्यात आमच्याही घराचा स्लॅब ठरला.

आता स्लॅबचा दिवस म्हणजे साधा दिवस नव्हे. ज्याचं घर, त्यानं सगळ्या मजुरांना जेवू घालायचं. निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे जाडजूड पानगे, वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. पानगा हातानं कुस्करायचा, वरणात कालवायचा आणि मनगटापर्यंत वरण ओघळलं तरी थांबायचं नाही. बाबांच्या मागच्या स्लॅबला पुलगावात असंच जेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी अख्खी गँग डब्बा घेऊन पळत होती. बाबा तर तीन दिवस सलाईनवर! सगळ्यांनी मिळून दोष दिला तो बिचाऱ्या वांग्यांना.

पण मी त्या पंगतीत होते आणि मी वांग्यांकडे नाही, हातांकडे पाहिलं होतं. कोणी पँटला पुसलेले, कोणी रेतीनं घासलेले. पिण्याच्या पाण्यात तर अख्खा पंजा बुडायचा आणि त्या पंजात मग्गा असायचा. म्हणून मी ठरवलं, आपल्या स्लॅबला एकाचंही पोट बिघडू द्यायचं नाही. बाबांचं तर नाहीच.

"बाबा, जेवायच्या आधी साबणानं हात धुवा लागते."

"धुतोच ना."

"कुठी? पँटले पुसता तुमी."

"मंग? पँट काय घाण हाय? तुह्या मायनं धुतली हाय ते!"

पहिल्या दिवशी मी नळाशी साबणाची वडी ठेवली. संध्याकाळी वडी गायब. दुसऱ्या दिवशी दुसरी ठेवली. तिच्यावर वच्छलामावशींनी (आमच्या गँगमधल्या सगळ्यात जुन्या, बाबांनाही दटावणाऱ्या) चार घमेली घासली.

"ताई, साबण लय मस्त आनला वं! घमेलं पाय कसं चमकून राह्यलं!"

"मावशी, तो हातासाठी होता!"

"हात कोन पाह्यते? घमेलं मालक पाह्यते."

मिक्सर मशीन चालवणारे शालिकभाऊ तर तत्त्वाचेच माणूस. सिमेंटच्या हातानं तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचा आणि त्याच हातानं गालात सारायचा. मी साबण पुढे केला तर दोन पावलं मागे सरकले.

"नाई ताई. साबनाच्या हातानं खर्रा खाल्ला का तोंडात फेस येते. मंग मजा नाई राहत."

"आणि सिमेंटच्या हातानं?"

"त्यानं तं दात मजबूत होते!"

मी हार मानणाऱ्यांतली नाही. रात्रभर विचार केला आणि सकाळी उत्तर सापडलं. (विज्ञान शाखेचं डोकं!) लोक साबण टाळतात ना? मग साबण टाळायची सोयच ठेवायची नाही. मी हँडवॉशचा पाच लिटरचा कॅन आणला आणि स्लॅबच्या दिवशी सूर्य उगवायच्या आत पाण्यानं भरलेल्या निळ्या ड्रममध्ये अख्खा रिकामा केला. आता जो हात बुडवेल, तो धुऊनच निघेल! ड्रमवर लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हस्तप्रक्षालन केंद्र'. आणि जागा? सगळ्यांची ये-जा जिथून असते, तिथंच तो आधी ठेवून मग भरला होता. मिक्सर मशीनच्या अगदी शेजारी.

बांधकामाच्या जागी एक कायदा असतो, जो मला गँगमधलं कोणीही सांगू शकलं असतं. मशीनजवळ जो ड्रम, तो मशीनचा. त्यावर तुम्ही काहीही लिहा!

सकाळी सातला मशीन सुरू झाली. गिट्टी, रेती, सिमेंट, पाणी. घमेली हातोहात वर जाऊ लागली. वर बाबा, कमरेला गमछा बांधून, राजासारखे. नऊच्या सुमाराला मशीनचा पाण्याचा ड्रम रिकामा झाला. शालिकभाऊंनी शेजारी पाहिलं. तिथं एक भरलेला ड्रम होता. त्यांनी देवाचे आभार मानले आणि बादली बुडवली.

मी तेव्हा आईबरोबर पानगे थापत होते. बाहेरून आरोळी आली.

"ओ मिस्त्रीऽऽ! मशीन उतू चालली!"

मी धावत बाहेर आले. मिक्सरच्या तोंडातून पांढराशुभ्र फेस डुलत डुलत बाहेर येत होता, थेट गिट्टीच्या ढिगापर्यंत. गुलाबाचा घमघमाट सुटला होता. पाच-सहा घमेली तर वरही पोहोचली होती.

"पानी कुठचं टाकलं बे?" बाबा वरून गरजले.

"आपल्याच ड्रमातलं, मिस्त्री! हा निळा!"

बाबा शिडीवरून उतरले. ड्रमसमोर उभे राहिले. तिसरी शिकलेले माझे बाबा एकेक अक्षर जोडत वाचू लागले.

"हस्त... प्र... हे काय लिवलं वं बाई?"

"हात धुवाचं पानी हाय, बाबा," मी म्हटलं. "साबन हाय त्यात."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्लॅबकडे. एकदा सुरू झालेला स्लॅब थांबवत नाहीत. थांबला तर तिथं जोड राहतो आणि जन्मभर त्या जोडातून पाणी गळतं. दुसऱ्यांच्या शेकडो स्लॅबना जोड न ठेवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या स्लॅबला पोरीनं जोड द्यावा?

"वरचा साबनाचा माल खाली आना. मशीन धुवा. चला, हात चालवा!"

मशीन धुणं सोपं नव्हतं. जितकं पाणी टाकावं, तितका फेस! शालिकभाऊ फेसात गुडघ्याएवढे उभे राहून म्हणत होते, "ताई, आता माया जन्माचे हात धुऊन झाले!"

मी ओढणी कमरेला खोचली आणि शिडी चढले. वरचा साबणी माल दोन्ही ओंजळींनी घमेल्यात भरू लागले.

"ताई, हाताले पन्नी तं बांध!" मावशी ओरडल्या.

"राहू द्या मावशी! मिस्त्रीची पोरगी हाओ मी!"

शेवटचा गोळा खाली गेला तेव्हा बाबांनी चांगल्या मालाला बोट लावून पाहिलं. अजून ओला होता. जोड वाचला! मशीन पुन्हा घरघरली आणि मी उतरलेच नाही. चार वाजता स्लॅब पूर्ण होईपर्यंत घमेली झेलत राहिले.

पंगत बसणार तेवढ्यात बाबांनी हात वर केला.

"थांबा. कोनी बसू नका. ह्या साबनापायी माया स्लॅब अडला होता. आता हात धुतल्याबिगर कोनी पानग्याले हात लावला तं पाहा!"

आणि काय सांगू! ज्या गँगनं इतके दिवस माझं ऐकलं नाही, ती रांगेत उभी राहिली. आधी निळ्या ड्रममधलं उरलेलं पाणी, मग नळ. वच्छलामावशी नखं तपासत होत्या. शालिकभाऊंना दोनदा परत पाठवलं. मी बाजूला उभी राहून, हात मागे बांधून, इन्स्पेक्टरसारखी प्रत्येकाकडे पाहत होते. ऊर भरून आला होता.

"तुहे हात दाखव," बाबा म्हणाले.

मी हात पुढे केले. सकाळपासूनचं सिमेंट त्यावर वाळून भेगाळलं होतं. अख्ख्या रांगेत न धुतलेले हात फक्त माझे! नळाखाली धरले आणि मी किंचाळलेच. खालची कातडी लालबुंद, जागोजागी सोललेली.

बाबा बराच वेळ माझ्या हातांवर पाणी सोडत राहिले. तेव्हा त्यांचे पंजे मी इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिले. भेगांमध्ये सिमेंट मुरलेलं.

"तुमचे बी असेच झालते, बाबा?"

"पैले पैले. मंग हाताले सवय होते."

"सवय नाई, बाबा. हातमोजे पाह्यजे. उद्याच आनते."

"आन. पन मशीनजवळ ठेवू नको!"

पंगतीत मला आईनं भरवलं. तिनं पहिला घास उचलला तोच शालिकभाऊ ओरडले, "काकू, हात धुतले का तुमी?"

दुसऱ्या दिवशी अख्खी गँग ठणठणीत कामावर हजर होती. एकाचंही पोट बिघडलं नव्हतं. बाबा सकाळी भरपेट जेवून मला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी माझ्या दोन्ही पंजांना मनगटापर्यंत पट्ट्या गुंडाळल्या आणि बाबांच्या देखत, खणखणीत आवाजात बजावलं, "आठ दिवस या हातांना पाणी लावायचं नाही. आणि साबण तर अजिबात नाही!"