वर धरलेला ठोकळा

“हा? हा दोरीवरचा बैल आहे, साहेब. बैल कुठे रेघा मारतो?”

पोलादपूरजवळच्या पुलाच्या कामावर आमचे ओव्हरसियर हे बोलले आणि हसले. महाडहून आलेल्या मोठ्या साहेबांनी खांबावरच्या रेघा पाहून “ह्याने मारल्या का?” म्हणत माझ्याकडे बोट केलं होतं, एवढंच.

त्याच्या आठ दिवस आधी हेच ओव्हरसियर “दादा, नीट सांगा ना,” म्हणत माझ्यापाशी उकिडवे बसले होते. तेव्हाही असंच गोड हसले होते.

काम होतं नदीच्या गाळात सागाचे खांब ठोकण्याचं. कप्पीवरून दोरी, दोरीला लोखंडी ठोकळा, दोरीवर आम्ही बाराजण. हुकूम असा की, हातभर उचला, भराभर आपटा. खांब ढिम्म. शिव्या मात्र आमच्या दंडांना. मी कोळशाने खांबावर रेघा मारून कुठल्या घावाला तो किती उतरतो ते पाहिलं आणि ओव्हरसियरना सांगितलं, “वजन तेच हाय, साहेब. पन जितकं वर चढवू, तितका आमचा जोर त्याच्यात साठतो. पडताना वेग घेतो नि सगळा खांबाला देतो. कमी मारा, पन उंचावरून मारा.”

त्यांनी लिहून घेतलं. शिकलेला माणूस माझं बोलणं लिहितोय! मी असा फुगलो की, घरी बायकोला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “कळलं वो, जेवा आता.”

आणि त्या दिवशी ते मोठ्या साहेबांना म्हणत होते, “ही माझी युक्ती, सर. दाखवतो.”

दोरी ओढायची-सोडायची हाक माझी असे. आमची रीत होती, हाक देणारा ‘सोड’ म्हणेपर्यंत कुणी हात ढिला करायचा नाही. एकाने आधी सोडलं, तर बाकीच्यांचे तळवे सोलून निघतात.

“हैशा!” ठोकळा पुरुषभर वर गेला. मी गप्प.

“सोडा!” ओव्हरसियर ओरडले. एक हात हलला नाही.

“अरे, हाक दे!”

“बैलाला बोलता येतं व्हय, साहेब?”

ते जवळ आले. कानाशी पुटपुटले, “दादा, नंतर बोलू ना.”

“आता बोला. सगळ्यांसमोर. रेघा कुणाच्या?”

त्यांनी मान फिरवली. शेजारच्या म्हाताऱ्या आबाचे हात थरथरू लागले, “सोड म्हन रे पोरा.” त्याच्यासाठी म्हणालो. खांब वीतभर खाली गेला. मी दोरी टाकली आणि चालू लागलो. थांब, असं कुणीच म्हणालं नाही. मोठे साहेबही नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यातलं कुणाच्या कानात घालत नाही. चार माणसं जमवतो, मगच बोलतो. लिहून घ्यायचं असेल, तर आधी माझं नाव लिहायचं. नाहीतर तोंड उघडणार नाही.