पाऊण मिनिटाची मुलगी

मंगळवार, १४ मार्च. पाणी वेळेवर आलं. मी २१ मिनिटं, सून १८. नात पाऊण मिनिट. आज चौथा दिवस. लक्षण बरं नाही.

ही नोंद घड्याळबाईंची. कपड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं हजेरी लिहून त्या निवृत्त झाल्या, पण हाताचं वळण गेलं नाही. लघवीला कोणाला किती वेळ लागला, तेही वहीत चढायचं. संडास एकच, आणि घरातल्या बायकांना वेळ लागायचा. आत विणकामाची टोपली ठेवलेली असे. यजमान होते तेव्हा दाराबाहेर उभ्यानेच दाढी उरकत. कारखान्यात बाई आत गेल्या की बाहेर येईनात, म्हणून आतल्या नळाला धारच नसेल असं समजून साहेबांनी तो दोनदा बदलून घेतला होता.

मुलाची मंडळी शनिवारी राहायला आली, आणि नात आत गेली न गेली तोच बाहेर. बाईंनी तिला परत पाठवलं.

"अगं, राहिलं असेल."

"संपलं, आजी. आता काय शेजारून मागून आणू?"

शुक्रवारी नातीला न्यायचं होतं. त्यांच्या समाजात सातव्या वर्षी प्रत्येक मुलीच्या लघवीच्या जागचं थोडं कापून घेत. नणंदेने कापणारी बाई ठरवूनही ठेवली होती. पण आजारी पोरीला न्यायचं कसं? बाईंनी नातीला, सुनेला आणि दहा वह्या घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी मुलीला तपासलं, मग वह्या चाळल्या. प्रत्येक पानावर वीस, बावीस, एकोणीस. मध्येमध्ये जळजळ. ताप. पुन्हा जळजळ.

"मुलगी ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "एवढाच वेळ लागतो सगळ्यांना. लहानपणी तुम्हाला कापलं, ती जखम भरताना वाट अरुंद झाली. म्हणून थेंब थेंब, म्हणून सारखी जळजळ. बाळंतपण अडलं होतं का?"

"दोन दिवस. तेही लिहिलंय."

सून खाली बघत म्हणाली, "माझे तीन."

बाईंनी पर्समधलं घड्याळ काढलं, चालू आहे ना ते पाहिलं, परत ठेवलं. शुक्रवारनंतर हिलाही वीस मिनिटं लागतील का, असं त्यांनी विचारलं. त्याहून वाईटही होऊ शकतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रक्त थांबत नाही, पोरी दगावतात.

घरी येताच त्यांनी नणंदेला फोन लावला. नणंदेने आजवरच्या सगळ्या आज्या, पणज्या काढल्या, लोकांची तोंडं काढली, मुलीचं लग्न काढलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"वन्सं, शुक्रवारी आम्ही येणार नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. पोरीला पाऊण मिनिट लागतं, तेवढंच लागू दे."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग नणंदेने हळूच विचारलं, "मला पंचवीस लागतात गं. त्यावर काही औषध सांगितलं का?"

बाईंनी तिला दवाखान्याची वेळ दिली. संध्याकाळी वहीत लिहिलं: नात पाऊण मिनिट. संडासातला दिवा गेला आहे, उद्या नवा आणणे.