नानासोंचा बारावा फोटो

आमचे चुलते नानासो फौजेला एक डोळा देऊन आले आणि उरलेल्या डोळ्यानं आभाळ बघायला लागले. दोन वर्षं काचेवर काच घासून त्यांनी घरीच दुर्बिणीचा आरसा केला. वाटेवरनं माणसं ओरडायची, "हवालदार, तोफ कुनावर लावलीया?"

लावली होती दक्षिणेकडच्या एका तारकागुच्छावर. लाखो तारे, बोंडात कापूस दाटावा तसे. तेवढ्यात मिरजेच्या डॉक्टरानं सांगितलं, हाही डोळा वर्षभराचाच. झालं, नानासोंनी फोटोचा हट्ट धरला.

साळूकाकी म्हणाली, "आवं, आंधळ्याला फोटू कशाला?"

"मला न्हाई गं, तुमास्नी. मी काय बघत हुतो ते तरी कळंल."

कारखान्याचं गाळप संपून धूर थांबला, की ढग यायच्या आत दहाबारा रात्री मिळायच्या. शहात्तरच्या मे महिन्यात दुर्बिणीला कॅमेरा बांधून काढलेले रोलातले अकरा फोटो वाया गेले. बाराव्याला पाऊण तास नानासो भिंगाला डोळा लावून, आभाळ फिरेल तशी दुर्बीण वळवायला स्क्रू फिरवत राहिले. भिंगात कोळ्याच्या जाळ्याचा धागा ताणलेला, त्याच्यावर एक तारा धरलेला. डोळ्यातनं पाणी गळत होतं, पण तारा धाग्यावरनं सरकला नाही.

इस्लामपूरच्या स्टुडिओत फोटो कशाचा ते त्यांनी सांगितलंच नाही. हसतील म्हणून. एवढंच म्हणाले, "अनंतराव, शेवटचा लय मोलाचा हाय. जीव लावून करा."

अनंतराव लग्नाळू मुलींचे फोटो काढणारे. निगेटिव्हवरचे देवीचे व्रण ब्लेडनं असे खरवडायचे, की मुलगी कागदावर गुळगुळीत. आठवड्यानं नाकातनं गाणं म्हटल्यासारखे म्हणाले, "अहो नानासाहेब, माणसं काही आलीच नाहीत होऽ! आणि ठिपके किती! मधोमध तर बुरशीसारखा हाऽ एवढा डाग. तीन दिवस खरवडत होतो. आता एक डाग शोधून दाखवा!"

नानासोंनी कागद नाकापाशी नेला. काळा कुळकुळीत.

"निगेटिवच खरवडली?"

"मग! तुम्हीच म्हणालात ना, जीव लावून?"

घरी काकीनं फोटो उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. "ह्यात तर कायबी न्हाई, आवं. मी म्हनतच हुते."



पुढच्या उन्हाळ्यात डोळा गेला. धूर थांबला, आभाळ लख्ख झालं. नानासो दक्षिणेकडं तोंड करून ओट्यावर बसलेले. वाटेवरनं कुणीतरी ओरडलं, "हवालदार, आज काय दिसतंय?"

"तुमास्नी दिसतंय तेवढंच."