पाहुण्याची हिरवी रकाबी

चिनी मातीची भांडी मी पहिल्यांदा पाहिली ती एका गोठ्याच्या कोनाड्यात. तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावात आई ज्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची, त्यांचा तो गोठा. कोनाड्यात दोन कप असत आणि दोन्हींचे कान तुटलेले. मालकाच्या घरची माणसं चहा पितळेच्या भांड्यातून घेत. पितळ घासलं, विस्तवावर धरलं की शुद्ध होतं. चिनी माती होत नाही, अशी त्यांची समजूत. म्हणून चिनी माती आमच्या वाट्याला. चहा वरून ओतला जायचा. पिऊन झाला की कप आपणच विसळायचा आणि कोनाड्यात पालथा घालायचा.

छप्पन साली आम्ही धम्मदीक्षा घेतली. त्यानंतरच्या पहिल्याच वेचणीला चहाची वेळ झाली तेव्हा आईने कपाला हात लावला नाही.

"काहून वं, चहा नाई घेत?" मालकीणबाईंनी विचारलं.

"आता नाई घेत," आई म्हणाली आणि पुन्हा कपाशीत शिरली.

पुढे बरीच वर्षं आमच्या घरात चिनी मातीची साधी बशीसुद्धा आली नाही. बाजारात कोणी नक्षीचे कप दाखवले तर आई तोंड फिरवायची. तिला ती चकाकीच नको होती. आणि मी, तिचा मुलगा, त्याच चकाकीवर एम. ए.चा प्रबंध लिहायला निघालो.

अमरावतीला मी शिष्यवृत्तीवर शिकलो. आमच्या घराण्यातला पहिला बी. ए. मीच. राजापेठेत एका खोलीत आम्ही दोघं राहायचो. दुसरा बाळापूरचा, माझ्याच वर्गातला मुसलमान मित्र. एम. ए.ला एका पेपरऐवजी प्रबंध लिहायची सोय होती. मात्र विषयावर विभागप्रमुखांची सही लागे. ती मिळाली नाही, तर विषय तिथेच संपला.

कॉलेजच्या ग्रंथालयात सगळ्यात खालच्या फळीवर गोऱ्या साहेबाच्या काळातलं एक जाड इंग्रजी पुस्तक पडून होतं. त्यात मंगोलांच्या स्वाऱ्यांनंतर इराणात आणि पुढे आपल्याकडे झालेली झिलईची भांडी होती, आणि यशब, म्हणजे जेड या हिरव्या दगडाचं कोरीव काम होतं. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते वाचत बसायचो. यशबाला छिन्नी लागू पडत नाही, तो बारीक, कठीण वाळूने घासून घासून कोरावा लागतो, हे मी त्यात वाचलं. पण मला खरं धरून ठेवलं ते दुसऱ्याच एका गोष्टीने. चीनमधून हिरव्या झिलईची देखणी भांडी इराणात जहाजांनी येत. इराणच्या कुंभारांना तशी भांडी करायची होती, पण ती माती त्यांच्या देशात नव्हती. तेव्हा त्यांनी गारगोटी कुटली, काच कुटली, त्यात थोडी पांढरी माती मिसळली आणि आपली माती आपणच तयार केली. त्या पानावर मी किती वेळा परत आलो, सांगता येत नाही. जी वस्तू आपल्या वाट्याला आली नाही ती कुटून, मळून, भाजून उभी करणारी माणसं मला अगदी जवळची वाटली.

मी विषय लिहून विभागप्रमुखांपुढे ठेवला. सर सौम्य बोलायचे. तळटीप कशी वाचायची, एका पुस्तकाला दुसऱ्या पुस्तकाने कसं तपासायचं, हे मला त्यांनीच शिकवलं. त्यांचे हे उपकार मी आजही मानतो. त्यांनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

"हे बघा, तुम्ही हुशार आहात. तुमच्या समाजावर लिहा. तिथे तुमचा अधिकार आहे. या नवाबी बशा-वाट्यांशी तुमचा काय संबंध?"

"सर, इराणशी आपल्या वर्गात कोणाचाच संबंध नाही."

"तसं नव्हे हो. आणि त्यातही हे म्हणजे चिनी मालाची नक्कल. नकलेवर कुठे प्रबंध लिहितात?"

"ती नक्कल कशी जमवली, त्याच्यावरच लिहायचं आहे."

सर हसले. "बरं, वस्तू कुठे आहे? अमरावतीत बसून चित्रांवरून लिहिणार? वस्तू दाखवा, मग बघू."

समाजावर लिहायला माझी ना नव्हती. पुढे पुष्कळ लिहिलंही. पण मी कशावर लिहायचं हे दुसऱ्याने ठरवायचं, ही गोष्ट मला कोनाड्यातल्या कपासारखीच वाटली. सुंदर वस्तूंवर त्यांनी लिहायचं आणि दुःखावर आम्ही, ही वाटणी मला मान्य नव्हती.

खोलीवर येऊन मी हे सगळं तणतणत सांगितलं. मित्र कंदिलाची काच पुसत होता. म्हणाला, "बस एवढंच? आमच्या घरी आहे ना बे एक हिरवी रकाबी. जुनी आहे म्हणतात. चाल बाळापूरले."

अकोल्याहून मोटारने आम्ही बाळापूरला गेलो. त्याचे वडील हकीम होते. मोगलांच्या फौजेबरोबर आपले पूर्वज या भागात आले, असं ते सांगत. जेवणाच्या वेळी जमिनीवर दस्तरखान पसरलं गेलं. हकीमसाहेब, मित्र, त्याचे भाऊ, सगळ्यांपुढे कल्हई केलेल्या तांब्याच्या थाळ्या आल्या. मग मित्राच्या आईने आतून एक ताटली आणली आणि फक्त माझ्यापुढे ठेवली. चिनी मातीची. हिरवी, चकाकणारी, काठाला एक टवका गेलेली.

माझ्या कानशिलात रक्त चढलं. मी जी वस्तू पाहायला आलो होतो ती हीच, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मला दिसला तो आमच्या गावचा गोठा. मी उठून उभा राहिलो.

"काहून उठला बे?" मित्राने विचारलं.

"सगळ्याइले तांब्याच्या थाळ्या आन् मले अलग चिनीचं भांडं काहून?"

मग मित्राची आई म्हणाली, "बैठो बेटा. वो मेहमान की रकाबी है. खाने में जहर रहा तो तड़क जाती, ऐसा बड़े-बूढ़े बोलते. पहले जमाने में सरदार लोगां खाते इसमें. अब जो मेहमान पहली बार आया, उसके सामने रखते. मतलब हमारे घर में तेरे वास्ते जहर नहीं."

हकीमसाहेबांनी दाढी कुरवाळली. "अब तक तो नहीं तड़की. आपकी अम्मी का सालन ब्याह के दिन से बर्दाश्त कर रही है."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी उठलो याची मला तेव्हा लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही. ज्याने कोनाड्यातला कप पाहिला आहे त्याने आधी उठावं आणि मग विचारावं.

"अम्मी," मी म्हणालो, "असं आहे तर सगळे याच्यातच जेवा माह्यासंगं."

त्यांनी हकीमसाहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळं सालन त्या रकाबीत ओतलं, थाळ्या बाजूला सारल्या, आणि मधे हिरवी रकाबी ठेवून आम्ही सगळे तिच्याभोवती दाटीवाटीने बसलो. कोपराला कोपर लागत होतं. मित्र म्हणाला, "आता बोट्या मोजून खा, नाईतर रकाबी नाई, मीच तडकतो."

जेवणानंतर अम्मींनी गळ्यातून एक हिरवा चपटा दगड काढून माझ्या हातावर ठेवला. पानाच्या आकाराचा यशब, त्यावर बारीक अक्षरांत कुराणातली आयत कोरलेली. छातीत धडधडू लागलं तर हा दगड काळजाजवळ ठेवायचा, अशी त्यांच्याकडची रीत. मी अक्षरांवरून बोट फिरवलं. छिन्नी नसताना कोणीतरी ही एकेक रेघ वाळूने झिजवून काढली होती.

"रख ले सीने पर. कैसा लाल हो गया था तू," त्या म्हणाल्या.

"मले घबराट नवती अम्मी. राग होता."

त्यांनी दगड परत गळ्यात घातला. "गुस्से की दवा नहीं रे हमारे पास. गुस्सा रख ले, काम आता है."

मग त्यांनी स्वतःहून रकाबी धुतली, सरकी काढलेल्या कापसात गुंडाळली आणि टोपलीत ठेवली. तिच्याबरोबर एका फडक्यात खोबऱ्याच्या वड्या बांधून दिल्या. "खाली रकाबी नहीं भेजते. तेरे सर के सामने रखना."

अमरावतीला आलो तेव्हा कॉलेजला सुट्टी होती, म्हणून टोपली घेऊन सरांच्या घरी गेलो. त्यांनी बैठकीत बसवलं. चहा आला. सरांचा स्टीलच्या पेल्यात. माझा कपात. कपाला कान नव्हता.

मी कप होता तिथेच राहू दिला. कापूस बाजूला केला आणि रकाबी टेबलावर ठेवली. सर पुढे वाकले. वस्तू पाहिल्यावर त्यांच्यातला अभ्यासक जागा झाला, हे मला कबूल केलंच पाहिजे.

"ही चिनीच असेल," ते म्हणाले.

"चिनी भांड्याची माती घट्ट असते सर, पाणी पीत नाही. ही इराणी असली तर पिईल."

पाणी सरांपुढच्या फुलपात्रात होतं, त्यांच्या पिण्याचं. मी त्यात बोट बुडवलं. सरांचा हात किंचित पुढे आला आणि थांबला. बोटावरचा थेंब मी काठाच्या टवक्यावर सोडला. आतली माती पांढरी, खडीसाखरेसारखी कणीदार होती. थेंब क्षणभर चमकला आणि जिरून गेला.

"पुन्हा करा," सर म्हणाले.

मी पुन्हा त्याच फुलपात्रात बोट बुडवलं. पुन्हा थेंब जिरला.

"एवढ्याने सिद्ध होत नाही," सर म्हणाले, "पण सुरुवात म्हणून ठीक आहे." त्यांनी माझा कागद घेतला आणि सही केली. झोकदार, ठसठशीत सही होती.

मी वड्यांचं फडकं सोडलं, वड्या रकाबीत मांडल्या आणि रकाबी त्यांच्यापुढे सरकवली. "सर, ज्यांची रकाबी आहे त्यांनी पाठवल्यात. घ्या ना."

सरांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "आज माझा उपास आहे."

"एखादी ठेवून जातो."

"नको, नको. घरात आई आहे. जुनी माणसं. तुम्हाला कळतं सगळं."

मला कळत होतं. त्यांच्या टेबलाशी बसून मी वड्या खाल्ल्या, एकेक करून, सगळ्या. ते पाहत होते. मग कान तुटलेल्या कपातला गार झालेला चहा तसाच ठेवला, "येतो सर," म्हणालो आणि टोपली उचलली. रकाबीला चिरा गेल्या नव्हत्या. तिला अन्नातलं विष ओळखता येतं की नाही, मला माहीत नाही. त्या घरातलं ओळखता आलं नाही, एवढं मी पाहिलं. हे प्रबंधात लिहिण्याची सोय नव्हती, म्हणून इथे लिहितो.

रकाबी परत करण्याआधी मी ती गावी नेली. आईने कापूस उलगडला आणि हात मागे घेतला.

"चिनीचं भांडं? माह्या घरात?"

मी तिला बाळापूरचं सगळं सांगितलं, उठून उभा राहिलो तेही, आणि सगळे एका रकाबीत जेवलो तेही. अमरावतीचंही सांगितलं. ती ऐकत बसली. मग तिने विचारलं, "त्या बाईनं हातानं वाढलं तुले? याच्यात? आन् तेही जेवले?"

"हो."

"मंग रिकामी कशी देतं बाप्पा?"

तिने तीळ भाजले, गूळ घातला, लाडू वळले आणि रकाबीत रचले. वरून फडकं बांधायला घेतलं, थांबली, आणि रकाबीतला एक लाडू उचलून तोंडात टाकला.

"त्या बाईच्या घरी चाल्लं," लाडू चावत ती म्हणाली, "आधी मी खाऊन पाहतो."

मग तिने गाठ मारली.