हद्द आखणाऱ्या शैलजाताई

शैलजाताईंची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझ्या हातातला माउस काढून घेतला तेव्हा. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या संगणक विभागात मी नुकताच रुजू झालो होतो आणि ताई त्या विभागाच्या प्रमुख होत्या. "हा राहू द्या बाजूला," त्या म्हणाल्या, "माउसनं केलेलं काम वाचून दाखवता येत नाही." मला वाटलं, बाई विक्षिप्त दिसतात. आज त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात लिहिताना सांगतो, विक्षिप्त त्या होत्याच, पण आमचं अख्खं ऑफिस त्या विक्षिप्तपणाच्या भरवशावर निवांत झोपत असे.

ताईंची रीत अशी. सर्व्हरवर काही बदलायचं असलं की त्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करीत आणि एंटर दाबण्याआधी ती साध्या मराठीत मोठ्यानं वाचून दाखवीत. खोलीत जो कोणी असेल, मी, हिशेबनीस, पाणी द्यायला आलेल्या मावशी, त्यानं "बराबर" म्हटल्याशिवाय ताईंचं बोट खाली येत नसे. नंतर पडताळणी. एक गोष्ट शोधायची जी दिसायलाच हवी, आणि एक जी दिसायलाच नको. दोन्ही पटल्या तरच चहा.

पहिल्याच उन्हाळ्यात मी टायफॉइडनं आडवा झालो. जुन्या जालन्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर ताई रोज मुगाची खिचडी घेऊन येत. डबा ठेवीत आणि म्हणत, "औषधं वाचून दाखवा." कुठली गोळी कधी घ्यायची ते मी वाचायचो, शेजारच्या काकू दारातून "बराबर" म्हणायच्या, आणि मगच ताई जिना उतरत. आईला मी हे कळवलं तेव्हा ती रडली होती.

आता शहागडची गोष्ट. ती सांगताना आजही माझ्या अंगात वारं शिरतं.

पेरणी तोंडावर आली होती. गोदाकाठच्या शहागडला आमचा डेपो होता आणि अंकुशराव तिथले इन्चार्ज. ते ऑफिसात येऊन ताईंसमोर बसले. "ताई, लॉटचा नंबर टाकला का मागच्या सगळ्या सालांचं सामान पुढं येऊ राह्यलं. काय पाहू अन् काय सोडू? आमच्या सोताच्या रानाला बी यातलंच बी हाय." लॉट म्हणजे बियाण्याची एक खेप. कंपनीच्या कागदपत्रांत संगणकावरून घ्यायचा शोध तेव्हा नवा होता आणि खरंच सगळा बाजार समोर मांडायचा. त्यावर उपाय म्हणजे स्कोपचे नियम, म्हणजे शोध कुठं घ्यायचा आणि कुठं नाही याची हद्द. ताईंनी आज्ञा लिहिली आणि वाचली: "चालू हंगामाचा फोल्डर घे, मागच्या हंगामांचे सगळे वगळ." आम्ही एका सुरात "बराबर" म्हणालो. एंटर. आणि काय सांगू, नंबर टाकताच मोजके कागद समोर. अंकुशराव खूश होऊन गावी गेले. तेवढ्यात लाइट गेली, बॅटरीही बसली, आणि पडताळणी तेवढी राहिली.

सकाळी लाइट आली तसा अंकुशरावांचा मला फोन. एका लॉटची पाठवणीची परवानगी झटक्यात दिसली, गाडी भरून राह्यलो म्हणाले. ताई तेव्हा राहिलेली पडताळणी करायला बसल्या होत्या. कंपनीच्या बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेला त्यांनी विचारलं, "नुकताच नापास झालेला एखादा लॉट सांगा. तो दिसायलाच हवा." नंबर आला. शोधात नापासचा अहवाल नाही, फक्त आधी निघालेली परवानगी. आणि लॉट तोच, जो अंकुशराव गाडीत भरत होते.

कारण लगेच कळलं. एका लॉटचे कागद एकत्र राहावेत म्हणून प्रयोगशाळेचे लोक पेरणीआधीची फेरतपासणीही पहिल्या तपासणीशेजारी, मागच्याच हंगामाच्या फोल्डरात ठेवीत. आमच्या नियमानं नेमकी तीच हद्दीबाहेर टाकली होती.

ताईंनी फोन घेतला. "अंकुशराव, गाडी थांबवा. तो लॉट उगवणीत नापास आहे. चूक माझ्या नियमाची आहे."

"ताई, दारात मानसं उभी हायेत. त्यायला काय सांगू?"

"माझं नाव सांगा. बाईनं हद्द चुकीची आखली म्हणा."

"अन् माझ्या घरच्या पिशव्या बी त्याच्यातल्याच हायेत."

"मग त्या आधी उतरवा."

फोन चालूच ठेवून ताईंनी नवी आज्ञा लिहिली: "प्रयोगशाळेचा प्रत्येक अंतिम अहवाल घे, तो कुठल्याही हंगामात ठेवलेला असो. परवानग्या चालू हंगामाच्याच घे. कच्चे मसुदे वगळ." या वेळी आमच्यापैकी कोणी घाई केली नाही. प्रयोगशाळेचे प्रमुख खाली आले, त्यांनी दोनदा ऐकून मान डोलावली. मग फोनमधून शहागडचा आवाज आला, "बराबर." एंटर. नियम सगळीकडे लागू व्हायला काही मिनिटं लागत. "आला, ताई," अंकुशराव ओरडले, "नापासचा कागद सगळ्यात वर आला." मी खुर्चीवरून उठून नाचलो, हे कबूल करायला आज लाज वाटत नाही. ताईंनी मात्र मसुदा दिसत नाही ना, ते आधी पाहिलं आणि मग चहा सांगितला.

त्याच्या जागी दुसरा, पास झालेला लॉट गेला. पाऊस झाल्यावर अंकुशरावांनी आम्हाला रानात नेलं. कपाशी ओळीनं वर आली होती. ताई बांधावर उभ्या राहून कितीतरी वेळ नुसत्या बघत होत्या, आणि त्यांचे डोळे भरले होते.

ताई, तुमच्या पुढच्या आयुष्यासाठी आम्ही दोनच नियम लिहिले आहेत. आमच्या प्रत्येक सुखदुःखात तुम्ही दिसायलाच हव्यात, आणि तुमच्या घरात आजारपण दिसायलाच नको. अंकुशरावांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बराबर." मग मी एंटर दाबलं.