काळ्या कापडाखाली

कृष्णामाईला मी दोन वर्षं हात जोडले नव्हते. आमचं गाव साताऱ्याजवळ, नदीकाठचं; पुलावरून जाताना हात आपोआप कपाळाकडं जायचा. पण माझी बायको, आमच्या सुमीची आई, काविळीनं गेली, माहुलीला तिची रक्षा सोडली आणि त्या दिवसापासून नदी दिसली की मी मान फिरवायचो. चारचौघे म्हणायचे, देवावर असा राग धरू नये. म्हणणाऱ्यांचं काय जातंय! त्यांच्या घरी संध्याकाळी चुलीपुढं कुणीतरी बसलेलं असायचं.

आई गेली तेव्हा सुमी जेमतेम चालत होती. माझ्या थोरल्या वहिनीनं तिला सांभाळलं. पुढं एकदा शेजारी बारसं होतं आणि बाळ कुणावर गेलंय यावरून बायकांची चांगलीच जुंपली होती. सुमी तिथून धावत माझ्याकडं आली. म्हणाली, "आण्णा, माझी आई कशी दिसायची?" मी म्हणालो, "चांगली होती," आणि उठून गोठ्यात गेलो. मला बोलताच येईना. तिचा विषय निघाला की मी असंच काहीतरी काम काढून उठायचो. मग पोरगी ज्याला त्याला विचारत सुटली. वहिनी म्हणाली सावळी, शेजारीण म्हणाली उंच. एवढ्यावर लेकरानं आई कशी डोळ्यांपुढं आणायची?

आणि मी कोण, तर फोटोग्राफर! तीन पायांच्या स्टँडवरची लाकडी पेटी खांद्यावर टाकून गावोगावचे बाजार आणि जत्रा करणारा. लष्करातल्या पोरांना धाडायला त्यांच्या आईबापांचे फोटो काढले, शिराळ्याला नागपंचमीत गर्दीचे फोटो खेचले, आणि घरच्या माणसाचे काढले ते दोनच. पावसाळ्यात ट्रंकेत ओल शिरली, दोन्ही फोटो तोंडाला तोंड लागून चिकटले. सोडवायला गेलो तर दोन्ही चेहरे खरवडून निघाले. आमच्या पेटीत निगेटिव्हसुद्धा कागदाचीच असते, काम झालं की ती कोण ठेवतो?

आमच्या धंद्यात यावर एक तोड असते. मेलेल्या माणसाचा फोटो नसला तर त्याच्यासारख्या दिसणाऱ्या बहिणीला नाहीतर भावाला बसवायचं, फोटो काढायचा आणि मग पेन्सिलीनं नाक-भुवया जमवून घ्यायच्या. घरचे रडतात, हार घालतात, आणि थोड्या दिवसांनी त्यांना तोच खरा वाटायला लागतो. मी असे कितीतरी करून दिले होते. पण सुमीच्या आईला ना बहीण, ना भाऊ. सुमी तर हुबेहूब माझ्या बापावर गेलेली. तेव्हा मी ठरवलं, तिच्यासारखी दिसणारी एखादी बाई हुडकायची. तिची रक्षा सोडली ते माहुलीचं पाणी पुढं कराडावरून सांगलीला जातं, म्हणून सांगलीला जायचं. याला वेड म्हणा हवं तर. मला तेव्हा ते अगदी सरळ वाटत होतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं दुसरं की तिसरं वर्ष होतं. आमच्या मानानं सांगली म्हणजे केवढं मोठं शहर! एस.टी.तून उतरलो की पेटी खांद्यावर घेऊन चालत सुटायचो. गणपती पेठ, हळदीच्या वखारी, मारुती रोड, मग मागच्या गल्ल्या. गिऱ्हाईक मिळालं तर फोटो काढायचा, नाहीतर चालायचं. नळावरच्या बायका, भाजीवाल्या, सिनेमाच्या रांगेतल्या, शाळा सुटल्यावर निघालेल्या मास्तरीणबाई. एकीची हनुवटी तिच्यासारखी, एकीची नुसती चाल. एकदा तर पाठमोरी अगदी तीच! धापा टाकत पुढं जाऊन बघितलं, तर भलतीच कुणी. रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो, मागून सायकलवाले घंटा वाजवत होते.

असं बायकांच्या तोंडाकडं बघत फिरल्यावर दुसरं काय होणार? एका गल्लीत दोघांनी माझी गचांडी धरली. "काय रं, घरात आयाबहिणी न्हाईत व्हय?" मी काय सांगणार? धक्काबुक्कीत पेटी खाली आदळली आणि स्टँडचा एक पाय मोडला. ते गोळा करून मी घाटावर आलो, पायरीवर बसलो आणि नदीला मोठ्यानं शिव्या घातल्या. "नेलीस तर नेलीस, तिचं तोंड तरी ठेवायचंस! एवढंसुद्धा जड झालं तुला?"

"आवं, कुणावर वराडताय? नदीला कुठलं ऐकू येतंय, मलाच येतंय समदं."

खालच्या पायरीवर एक बाई लुगडं धूत होती. चाळिशी उलटलेली, कोपरापर्यंत हात हळदीनं पिवळे. वखारीतल्या कामावरून आलेली असावी. मी ओशाळलो. ती वर आली, मोडका पाय हातात घेऊन बघितला आणि पिशवीतली सुतळी काढून बांधायला बसली. कसं झालं म्हणून तिनं विचारलं. बायको गेली, पोरीला दाखवायला फोटो नाही, तसा चेहरा हुडकतोय, एवढंच मी सांगितलं.

"मग माझा काढा की."

मला रागच आला. ती गोरी, गोल तोंडाची, पुढचा एक दात पडलेला. म्हणालो, "बाई, तुम्ही तिच्यासारख्या अजिबात दिसत नाही."

"पोरीला कुठं ठावं हाय? ठावं तुमास्नी हाय. म्हंजी तुमी हुडकताय ते तुमच्यापायी."

मी पेटीवरची धूळ झटकली. नुसतं म्हणालो, "जित्या माणसाच्या फोटोला हार घालायचा म्हणजे..."

"घाला की. माझी पोरगी ऱ्हायली न्हाई. माझ्यामागं हात जोडाया कोन हाय? तुमची लेक जोडंल."

ती पदर सावरून पायरीवर बसली. मी पेटी स्टँडवर चढवली आणि तिच्या काळ्या कापडात डोकं घातलं. काचेवर ती उलटी दिसत होती, डोकं खाली आणि वर नदी. बाहेरून तिनं विचारलं, "कशी बसायची ती? तशी बसते."

मी म्हणालो, "पदराचं टोक डाव्या हातात धरायची." आणि काय झालं कोण जाणे, मी थांबलोच नाही. हसताना तोंडावर हात धरायची, दातावर दात होता म्हणून. कोंबड्यांशी भांडायची. विंचू चिमट्यानं धरून टाकायची आणि पालीला बघून किंचाळायची. भाकरीचं शेवटचं पीठ मुद्दाम थोडं ठेवून एक लहान भाकरी थापायची, "ही माझ्या सुमीची" म्हणून. सुमीला तेव्हा धड दातही नव्हते. त्या अंधारात मला कुणी बघत नव्हतं आणि माझा आवाज माझ्यापुढं नीट चालला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा.

कापडाबाहेर आलो तर बाई डोळे पुसत होती, हातांची हळद गालांना लागलेली. तशीच तिची तसबीर घेतली. पेटीतच धुऊन ओला फोटो हातात दिल्यावर ती हरखली. "आगं बया, ही मी व्हय?" आणि मी हात पुढं केला तर देईना! "ह्यो आता माझा. तुमच्या लेकीला ह्यो नगं. आत्ता बोललासा ते तिला सांगा."

"मला तिच्यापुढं बोलता येत नाही हो."

"मग त्या कापडात शिरून सांगा! आत्ता न्हाई व्हय सांगितलं?"

ती लुगडं पिळून निघून गेली. मी खाली उतरून ओंजळभर पाणी घेतलं, हात जोडले आणि तिथंच बसून मनसोक्त रडलो. जे मागितलं होतं ते मिळालं नाही. चेहरा गेला तो गेलाच, हे मी त्या पायरीवर कबूल केलं आणि छातीवरचं ओझं हललं. कृष्णामाईनं बाईच्या रूपात येऊन सांगितलं, असं मी म्हणणार नाही. पुढं सांगलीला गेलो की ती वखारीच्या दारात भेटायची आणि पहिल्यांदा तर तिनं मला ओळखलंही नाही. पण त्या दिवशी तिला तिथं कुणी बसवलं, हे मी नदीला अजून विचारत नाही. नुसते हात जोडतो.

घरी परतलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पेटी मांडली, सुमीला समोर पाटावर बसवलं. "हलू नको," म्हणालो आणि कापडात शिरलो. मग तिच्या आईचं सांगायला लागलो. कोंबड्यांचं सांगितलं तेव्हा ती खुदकन हसली. भाकरीचं सांगितलं तेव्हा बाहेर सगळं शांत झालं. काचेत बघतो तर पाट रिकामा. तेवढ्यात कापड उचललं गेलं आणि माझ्या कुशीतून एक डोकं आत आलं.

"आण्णा, माझी भाकरी केवढी असायची?"

अंधारात मी तळहात पसरला. तिनं चाचपडत आपला हात त्यावर ठेवला, बोटं पसरून बघितली आणि म्हणाली, "अजून सांगा."